ज्याचं पत्र, त्यालाच वाचता यावं

सप्टेंबर १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला नेऊन ठेवलं. त्यांच्यावरच्या आरोपांत पत्रव्यवहाराचा आरोप मोठा होता. गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी महाराज पत्रांतून गुप्तपणे संधान बांधत होते, असं कंपनीचं म्हणणं. महाराजांनी ते साफ नाकारलं. पुढे केलेले कागद आणि शिक्के बनावट आहेत, असं त्यांची बाजू घेणारे सांगत राहिले. रंगो बापूजी गुप्ते हे गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथे दाद मागत राहिले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले नामांकित वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांनीही महाराजांची वकिली केली. निकाल बदलला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी गादीवर आलेले बंधू आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीनं सातारचं राज्यच खालसा केलं.

या प्रकरणाच्या मुळाशी असलेले दोन प्रश्न पत्राइतकेच जुने आहेत. पत्र वाटेत दुसऱ्या कुणी वाचलं का, हा पहिला. ज्याचा शिक्का आहे त्यानंच ते लिहिलं का, आणि लिहिलं तसंच ते पोचलं का, हा दुसरा. आज सातारा-सांगलीतला डॉक्टर रुग्णाचा रिपोर्ट ईमेलनं पाठवतो, वकील दाव्याचा मसुदा पाठवतो, द्राक्षं परदेशी पाठवणारा बागायतदार बिल आणि बँकेचा खातेक्रमांक पाठवतो. हे दोन्ही प्रश्न त्या प्रत्येकापुढे आहेत. १८३९ मध्ये त्यांना पक्कं उत्तर नव्हतं. आज आहे, आणि तेही फुकट मिळतं. एन्क्रिप्शन, म्हणजेच कूटलेखन, हे ते उत्तर. ते कसं चालतं, कुठे पुरतं आणि कुठे पुरत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक सुशिक्षित माणसाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ईमेल कोणत्या वाटेनं जातो?

सांगलीतून पुण्याला पाठवलेला ईमेल थेट पुण्याच्या संगणकावर जाऊन पडत नाही. आधी तो पाठवणाऱ्याच्या ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर जातो. हा सर्व्हर मुंबईत असेल, सिंगापूरला असेल किंवा अमेरिकेत. तिथून तो घेणाऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. घेणारा मेल उघडतो तेव्हा तिथून त्याच्या फोनवर उतरतो. ईमेलची ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्यांचा पाया १९८२ मध्ये घातला गेला. तेव्हा हे जाळं मोजक्या विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं होतं. एकमेकांना ओळखणाऱ्यांपासून काही लपवायचं नव्हतं, म्हणून त्या नियमांत गुप्ततेची सोयच ठेवली नव्हती.

पुढे ती वरून जोडली गेली. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांचे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना झाकलेले असतात. या सोयीला टीएलएस म्हणतात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत जे कुलपाचं चिन्ह दिसायचं, ते हिचंच. पण हे झाकण फक्त प्रवासापुरतं. प्रत्येक मुक्कामावर मेल उघडा होतो. तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर तो वाचता येण्याजोग्या रूपात असतो आणि घेणाऱ्याच्या कंपनीकडेही. एक प्रत तुमच्या ‘सेंट’मध्ये राहते, एक त्याच्या ‘इनबॉक्स’मध्ये आणि आणखी काही दोन्हीकडच्या बॅकअपमध्ये. तुमचा किंवा त्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, त्याला गेल्या दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका बैठकीत वाचता येतो.

पत्रं किती टिकतात, हे वाईकरांना सांगायला नको. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे राहिलेले त्यांचे कागद शंभराहून अधिक वर्षांनी संशोधकांच्या हाती आले आणि उत्तर पेशवाईचा इतिहास त्यांतून उभा राहिला. इतिहासाच्या दृष्टीनं ही मोठी देणगी आहे. पण आपल्या आजाराचे रिपोर्ट, घटस्फोटाच्या अर्जाचे मसुदे आणि कर्जाची कागदपत्रं अनोळखी माणसाला इतकीच सहज सापडावीत, असं कुणालाही वाटणार नाही.

गुप्त काय ठेवायचं?

मराठीत गुप्तलेखनाची परंपरा जुनी आहे. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये उतरवून ठेवले. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहायचं, हे तिचं मूळ तत्त्व. ज्याला कोष्टक माहीत तो वाचणार, बाकीच्यांना ते निरर्थक दिसणार. पोथ्या कित्येक शतकं अशा बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडून दाखवली. वाईला सापडलेल्या कागदांवरून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढणारे राजवाडे ते हेच. एकदा कोष्टक कळल्यावर ती पद्धत वापरलेली प्रत्येक पोथी उघडी झाली, आणि मराठीच्या आद्य गद्याचा मोठा ठेवा अभ्यासकांपुढे आला.

अशा लिपीत दोन दुबळ्या जागा असतात. पहिली म्हणजे, भाषेत काही अक्षरं वारंवार येतात आणि काही क्वचित. अक्षरं बदलली तरी हे प्रमाण बदलत नाही, त्यामुळे पुरेसा मजकूर हाती आला की चिकाटीचा माणूस उलगडा करतोच. दुसरी जागा अधिक महत्त्वाची. इथे गुप्तता पद्धतीत साठवलेली असते. पद्धत फुटली की सगळंच फुटलं. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं १८८३ मध्ये यावर एक नियम सांगितला. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला पूर्ण ठाऊक आहे असं धरून चाला. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आजचं सगळं कूटलेखन या नियमावर उभं आहे. त्याचं गणित पुस्तकांत छापलेलं असतं, प्रोग्राम जगजाहीर असतो, हजारो तज्ज्ञ त्यात खोट काढायला बसलेले असतात. तरीही किल्लीवाचून संदेश उघडत नाही.

हा नियम विसरला की काय होतं, ते आपल्या सगळ्यांच्या फोनमध्येच दिसतं. ई-आधारची पीडीएफ पासवर्डनं बंद असते. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. रीत सर्वांना माहीत आहे, आणि किल्ली तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहिलेली आहे. कुलूप भक्कम असूनही ते तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही उघडता येतं. ही फाइल जशीच्या तशी ईमेलनं पुढे पाठवताना आपण ती सुरक्षित धरतो. ती सुरक्षित नाही.

दोन किल्ल्यांचं कुलूप

जुन्या सगळ्या पद्धतींत एक अडचण होती. बंद करणाऱ्याकडे आणि उघडणाऱ्याकडे एकच किल्ली लागायची. मग ती आधी पोचवायची कशी? किल्ली पोचवण्याइतकी सुरक्षित वाट असेल, तर संदेशच त्या वाटेनं पाठवता येईल. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी ही गाठ सोडवणारी कल्पना प्रसिद्ध केली. प्रत्येकानं दोन किल्ल्या ठेवायच्या, एक जगाला वाटायची आणि दुसरी स्वतःजवळ. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारं गणित शोधलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यातल्या गणितज्ञांनी हेच काही वर्षं आधी शोधलं होतं, पण ते १९९७ पर्यंत दडवून ठेवलं गेलं.

समजा, तुम्ही एकाच घडणीची पुष्कळ कुलपं करून घेतली आणि ती उघडीच ठेवून गावभर वाटली. किल्ली मात्र एकच आणि ती तुमच्या खिशात. कुणालाही तुमच्यासाठी पेटी पाठवायची तर त्यानं तुमचं कुलूप तिला लावून दाबायचं. एकदा दाबलं की ते लावणाऱ्यालाही उघडता येत नाही. उघडी कुलपं ही तुमची सार्वजनिक किल्ली, आणि खिशातली ती खासगी किल्ली.

पण आकड्यांचं असं कुलूप असतं तरी कसं? कागद-पेन्सिल घेऊन ते पाहता येतं. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. तुम्ही जगाला सांगायचं, ‘मला आकडा पाठवायचा तर त्याचा घन करा, ३३ नं भागा आणि जी बाकी उरेल ती पाठवा.’ तुमच्या मित्राला ४ हा आकडा पाठवायचा आहे. ४ चा घन ६४. त्याला ३३ नं भागलं की बाकी ३१. वाटेत ज्यानं पाहिलं त्याला ३१ दिसेल.

तुमची गुप्त किल्ली आहे ७. आलेल्या आकड्याचा सातवा घात करून ३३ नं भागायचं आणि बाकी पाहायची. ३१ गुणिले ३१ म्हणजे ९६१. त्याची बाकी ४. हा झाला दुसरा घात. चौथ्या घातासाठी ४ गुणिले ४, म्हणजे १६. सहाव्यासाठी १६ गुणिले ४, म्हणजे ६४, बाकी ३१. सातव्यासाठी पुन्हा ३१ गुणिले ३१, बाकी ४. मित्रानं पाठवलेला आकडा परत आला.

हा ७ कुठून आला? ३ मधून आणि ११ मधून एकेक वजा करा. २ आणि १० मिळाले, गुणाकार २०. जाहीर केलेल्या ३ ला ७ नं गुणलं की २१ येतात, २० पेक्षा बरोबर एक जास्त. म्हणजे ७ शोधायला ३३ चे मूळ अवयव माहीत असावे लागतात. ३३ चे अवयव सातवीतलं पोरही सांगेल. पण खऱ्या वापरात ही संख्या सहाशेहून अधिक अंकी असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. त्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधणं मात्र आजच्या सगळ्या संगणकांना मिळूनही जमत नाही. एका दिशेनं सोपं आणि उलट दिशेनं जवळजवळ अशक्य, या गुणधर्मावर सगळी गुप्तता टिकून आहे.

आरएसए शोधणाऱ्या तिघांनी १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचं आव्हान जगापुढे ठेवलं होतं. ते १९९४ मध्ये सुटलं. त्यासाठी इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक कामाला लावले होते. म्हणून संख्या वाढवत न्यावी लागते आणि गणितही बदलत राहतं. पुढेमागे क्वांटम संगणक हाताशी आले तर आरएसएचं कुलूप तुटेल हे ओळखून, अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०२४ मध्ये नव्या गणितावर बेतलेली मानकं जाहीरही केली आहेत.

प्रत्यक्षात मोठं पत्र या गणितानं बंद करत बसत नाहीत, कारण त्याला फार वेळ लागतो. संगणक दर पत्राला एक नवी तात्पुरती किल्ली बनवतो आणि जलद पद्धतीनं पत्र तिनं बंद करतो. मग ती छोटी किल्ली तेवढी घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून पत्रासोबत जोडतो. हे सगळं ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर आपोआप होतं.

हे सामान्य माणसापर्यंत आणलं अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी. १९९१ मध्ये त्यांनी पीजीपी नावाचा प्रोग्राम फुकट देऊन टाकला. तेव्हा अमेरिकी कायद्यात भक्कम कूटलेखन युद्धसाहित्यात मोडायचं. प्रोग्राम देशाबाहेर गेला म्हणून झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रकाशन संस्थेनं तो संपूर्ण प्रोग्राम पुस्तक म्हणून छापला. पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, सरकारनं खटला न भरताच चौकशी बंद केली. त्याच पायावर आज ओपनपीजीपी हे सर्वांना खुलं मानक आहे.

सही खरी कशी ओळखायची?

प्रतापसिंह महाराजांच्या प्रकरणातला दुसरा प्रश्न शिक्क्याचा. शिक्का कोरून घेता येतो, चोरता येतो, कोऱ्या कागदावर उठवता येतो. त्याच दोन किल्ल्या उलट क्रमानं वापरल्या की यावर उपाय मिळतो. पाठवणाऱ्याचा संगणक पत्राच्या मजकुराचा ठरावीक लांबीचा एक ठसा काढतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पार वेगळा येतो. तो ठसा पाठवणारा आपल्या खासगी किल्लीनं बंद करतो. ही झाली डिजिटल सही. ती त्याच्या सार्वजनिक किल्लीनं कुणालाही तपासता येते, पण त्याच्याशिवाय कुणाला करता येत नाही. ही सही दुसऱ्या पत्रावर उचलून लावता येत नाही, कारण ती त्या मजकुराला बांधलेली असते.

हे गणित आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात आधीच आलेलं आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. पंधरा रुपये भरून उतरवून घेतलेल्या त्या पीडीएफवर तलाठ्याच्या पेनाची सही लागत नाही. ई-टेंडर भरणारे ठेकेदार आणि विवरणपत्रं भरणारे सीए यूएसबीत जी डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, बाळगतात, तिच्यातही अशीच खासगी किल्ली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं या सहीला कायद्याची मान्यता दिली. म्हणून ऑफिसातली डीएससी पासवर्डाच्या चिठ्ठीसकट टेबलावर पडू देणं म्हणजे आपला हात दुसऱ्याच्या स्वाधीन करणं आहे.

ईमेलवर सही नसेल तर काय होतं, ते व्यापाऱ्यांना विचारा. पद्धत ठरलेली आहे. भामटा दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स फोडतो आणि काहीही न करता नुसता वाचत राहतो. माल कधी निघाला, रक्कम किती, कोण कुणाला कसं संबोधतं, हे सगळं त्याला कळतं. पैसे भरायच्या दिवशी तो त्याच धाग्यात, त्याच भाषेत मेल धाडतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी.’ तासगावचा बेदाणा असो, सांगलीची हळद असो, युरोपला जाणारी द्राक्षं असोत, पैसा भलत्याच खात्यात जातो आणि दोन्ही प्रामाणिक पक्ष एकमेकांवर संशय घेतात. विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत. तमिळनाडूतल्या दुकानाचा हिशेब गावच्या भावाकडे जाताना त्यांनाही हीच काळजी वाहायला हवी. डिजिटल सही असलेल्या मेलचा शिरस्ता असेल, तर सही नसलेला असा मेल लगेच उघडा पडतो. आणि सही असो वा नसो, खातेक्रमांक बदलल्याचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण जातं.

कूटलेखन काय लपवत नाही?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कूटलेखनानं पत्राचा मजकूर झाकला जातो. पत्र कुणी कुणाला, केव्हा लिहिलं आणि ते किती मोठं होतं, हे उघडंच राहतं. विषयाची ओळही पुष्कळदा उघडी असते. ‘कॅन्सरच्या तपासणीचा अहवाल’ असं विषयात लिहून आतला अहवाल बंद करण्यात अर्थ नाही.

या बाहेरच्या माहितीची किंमत आपल्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पुरती माहीत होती. १९४२ नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि ब्रिटिशांच्या हाती लागले नाहीत. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांचे गट गावोगाव काम करत होते. निरोप विश्वासातल्या माणसांकरवी जायचे. अशा चळवळीत निरोपात काय आहे याइतकंच, तो कुठून निघाला आणि कुणाच्या दारात पोचला हे झाकावं लागतं, कारण एका माणसाच्या पावलांवरून अख्खा गट सापडतो. आजच्या ईमेलच्या बाहेरच्या नोंदी म्हणजे ही पावलंच आहेत. ज्यांना ती लपवायची गरज आहे, त्यांना केवळ ईमेलच्या कूटलेखनावर विसंबता येणार नाही.

आणखी दोन मर्यादा आहेत. तुमच्या संगणकात किंवा फोनमध्येच हेरगिरीचा प्रोग्राम शिरला असेल, तर पत्र बंद होण्याआधीच तो ते वाचतो. म्हणून अनोळखी फाइल न उघडणं आणि प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणं हे कूटलेखनाआधीचं काम आहे. दुसरी मर्यादा म्हणजे, खासगी किल्ली हरवली की तिनं बंद झालेली पत्रं तुम्हालाही उघडत नाहीत. ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणणारी खिडकी इथे नसते. जी कंपनी तुम्हाला किल्ली परत देऊ शकते, तिच्याजवळ तुमची किल्ली असतेच, हे ध्यानात घ्या.

कायदा काय म्हणतो?

सामान्य माणसानं कूटलेखन वापरणं भारतात बेकायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी रीतसर आदेश काढून सरकार माहिती उलगडून मागू शकतं, आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्रानं कूटलेखन धोरणाचा एक मसुदा आणला होता. त्यात नागरिकांनी कूटलेखन केलेल्या संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, अशी अट होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की तो लगेच मागे घेतला गेला.

गुन्हेगारही कूटलेखन वापरतात, हे खरं आहे आणि पोलिसांची अडचणही खरी आहे. पण तपासासाठी म्हणून सगळ्यांच्या कुलपात एक चोरवाट ठेवली, तर ती फक्त पोलिसांनाच सापडेल अशी सोय गणितात नाही. तपासयंत्रणेसाठी ठेवलेल्या वाटेनं भामटाही आत शिरतो. म्हणून संशयितावर न्यायाच्या चौकटीत कारवाई आणि सर्वांना भक्कम कुलूप, हीच भूमिका मला योग्य वाटते.

सुरुवात कुठून करायची?

थंडरबर्ड हा ईमेलचा फुकट प्रोग्राम आहे, आणि २०२० पासून त्यात ओपनपीजीपीची सोय आतच दिलेली आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ असा भाग आहे, तिथे किल्ल्यांची जोडी तयार करायची. सार्वजनिक किल्ली ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे त्यांना पाठवायची आणि त्यांची मागून घ्यायची. आलेली किल्ली खरंच त्यांचीच आहे का, हे तपासायला प्रत्येक किल्लीचा ओळखठसा असतो, बहुधा चाळीस चिन्हांचा. तो फोनवर एकमेकांना वाचून दाखवायचा. इथे आळस केला, तर मधल्या माणसानं आपली किल्ली तुमच्या मित्राची म्हणून गळ्यात मारली तरी कळणार नाही. खासगी किल्लीची एक प्रत लांबलचक पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवायचा.

एवढी खटपट नको असेल, तर प्रोटॉन मेलसारखी सेवा आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी ती २०१४ मध्ये सुरू केली. दोघांचंही खातं तिथे असेल, तर पत्राचा मजकूर आपोआप बंद होऊन जातो. विषयाची ओळ मात्र नाही.

समोरच्याला यातलं काहीच जमत नसेल, तरी हात टेकायचं कारण नाही. कागदपत्रं झिप फाइलमध्ये घालून भक्कम पासवर्डनं बंद करा. सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम त्यासाठी पुरतो. त्यात एईएस-२५६ ही पद्धत निवडा. पासवर्ड जन्मतारखेचा, मोबाइल नंबरचा किंवा मुलांच्या नावाचा नको. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द ओळीनं घ्या. लक्षात राहायला सोपं आणि ओळखायला फार कठीण. तो पासवर्ड त्याच ईमेलमध्ये कधीही लिहू नका. फोन करून सांगा. आणि ईमेल खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावा, कारण मेलबॉक्स फुटला तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

ही जबाबदारी नुसती ज्याची त्याची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून मिरज हे उपचारांचं गाव आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून रुग्ण तिथे येतात आणि त्यांचे अहवाल आता मेलनं फिरतात. रुग्णाला आपला अहवाल कोण कोण वाचतं हे तपासता येत नाही. ते पाहणं दवाखान्याचं काम आहे. तसंच वकिलांचं, सीएंचं, पतसंस्थांचं आणि शाळा-महाविद्यालयांचं. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती उघडी पाठवणं हा हलगर्जीपणा आहे, आणि हातात फुकट साधन असताना तो क्षम्य नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. तुमच्या पत्रव्यवहारात ज्याच्याशी सर्वांत नाजूक देवाणघेवाण होते, असा एक माणूस निवडा: तुमचे डॉक्टर, वकील, परदेशातली मुलगी किंवा माल घेणारा व्यापारी. त्याच्याशी बसून, किंवा फोनवर, किल्ल्यांची अदलाबदल करून घ्या. तासाभराचं काम आहे. पुढचा माणूस तुम्हाला विचारत येईल, तेव्हा त्याला शिकवा. आणि तुमचा दवाखाना, तुमची पतसंस्था किंवा तुमचे सीए महत्त्वाची कागदपत्रं उघड्या ईमेलनं पाठवत असतील, तर त्यांना ती बंद करून पाठवायला सांगा. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे.